सुभेदाराचं सुतक

संगमनेर
१२ जानेवारी १९७१

त्या दिवशी सकाळी मी आधी चुलीतली राख काढली, अंगण झाडलं, विहिरीच्या दोन खेपा केल्या आणि मग कंदिलाची काच पुसत बसले. हे दाढी करून मागे येऊन उभे राहिले. म्हणाले, "भीमतालचं पाणी असं असतं बघ. काठावरून वाकलं की तळातले गोटे दिसतात. पुढच्या कांद्याला चल तू." मी म्हटलं, ट्रकात बाई बसलेली बघून लोक काय म्हणतील. हे म्हणाले, "म्हणतील, छगनला नवा क्लीनर मिळाला, पहिल्यापेक्षा बरा." पहिला म्हणजे तुम्ही. तुम्ही बाहेर टायर ठोकून बघत होतात. मी भाकऱ्या बांधल्या, तुमच्या दोन कडक भाजून वेगळ्या. गाडी गेली. मी काच कंदिलाला बसवली आणि भांडी घासायला घेतली.

नूर भावजी, आधी खुशाली विचारायची ती सोडून हे लिहून बसले, राग मानू नका. येत्या वैशाखात ह्यांना जाऊन दोन वर्षं होतील. या दोन वर्षांत मी तुम्हाला काही विचारलं नाही. तुम्ही अस्थींचा डबा घेऊन दारात आलात, थोरल्या दिरांनी चार गोष्टी विचारल्या, तुम्ही सांगितल्या, त्या मी आत भिंतीला टेकून ऐकल्या. हल्द्वानीला ताप आला, तिसऱ्या दिवशी डोक्यात गेला. इथे तार पोचायच्या आत सगळं आटोपलं होतं. राणीबागच्या घाटावर साताऱ्याकडच्या एका सुभेदारानं अग्नी दिला. एवढंच मला माहीत आहे.

आता मला विचारायचं आहे. तुम्ही या उन्हाळ्यात कांदा घेऊन त्याच रस्त्यानं जाल. मला न्या. फरीदालाही घ्या, म्हणजे दोघी बायका बरोबर असू. ह्यांनी सांगितलेली तळी बघायची आहेत, आणि ती जंगलं, जिथं झाडं विजेच्या खांबासारखी सरळ जातात आणि खाली पानांऐवजी सुया पडतात. आणि त्या सुभेदारांना भेटायचं आहे. माझ्या माणसाला शेवटचा हात एका अनोळखी माणसाचा लागला, हे मला अजून टोचतं. तो माणूस एकदा बघितला तर टोचायचं थांबेल असं वाटतं. त्यांचं नाव आणि पत्ता कळवा.

मुक्ताबाईचा नमस्कार.


अहमदनगर
२९ जानेवारी १९७१

वहिनींना नूरुद्दीनचा सलाम. नेहमीप्रमाणे मी सांगतो आणि फरीदा लिहिते.

तुमचं पत्र मिळालं. वहिनी, उस्ताद तळ्यांचं सांगायचे ते खरं, पण मधल्या रस्त्याचं सांगत नव्हते. शिवपुरीच्या पुढे दिवसभर धूळ. केबिनमध्ये इंजिनाची धग, मागे कांद्याचा वास, डोळे चुरचुरतात. बायकांसाठी रस्त्यात सोय कुठेच नाही. काठगोदामाच्या पुढे घाट असा आहे की पहिल्यांदा जाणारा माणूस खिडकीतून डोकं बाहेर काढूनच बसतो. तुम्ही मोटारीत बसलात ती संगमनेर ते नाशिक. हा दीड हजार किलोमीटरचा रस्ता आहे, जायलाच सहा दिवस.

सुभेदारांचं नाव बहुतेक जाधव होतं. फौजेतला माणूस, आज इथे तर उद्या तिथे. आता तिथे असतील असं वाटत नाही. पत्ता मी घेतला नव्हता, ही माझी चूक झाली.

त्यापेक्षा तुम्ही नगरला चार दिवस या.

(ताई, खालचं माझं मी लिहिते आहे. मी श्रीरामपूरच्या पुढे कधी गेलेले नाही. मला यायचं आहे. मी म्हटलं, गाडीच्या मालकांना विचारा तरी. तर हे म्हणाले, लिहायला बसवलंय, बोलायला नाही. एरवी असे ते माझ्याशी बोलत नाहीत. — फरीदा)


संगमनेर
१० फेब्रुवारी १९७१

नूर भावजी,

धुळीचं म्हणाल तर आमच्याकडची उन्हाळ्यातली धूळ तुम्ही विसरलात वाटतं. वासाचं म्हणाल तर नऊ वर्षं ह्यांचे सदरे मी धुतले, कांद्याचा वास मला घरचाच आहे. सोयीचं आम्ही दोघी बघून घेऊ, बायका सगळीकडे ते बघतातच. घाटात उलटी झाली तर होईल. त्यानं कुणी मरत नाही.

मी तयारीला लागले आहे. वाचनालयात राधाकृष्ण म्हणून गृहस्थ पुस्तकं देतात-घेतात. त्यांच्याकडे मोठा नकाशांचा ग्रंथ आहे, तो घरी देत नाहीत, म्हणून मी दुपारी तिथेच बसते. ते म्हणाले, "मुक्ताबाई, भूगोलाची परीक्षा आहे का?" मी म्हटलं, आहे. मग त्यांनी दोरा दिला. दोऱ्यानं मोजलं तर संगमनेर ते हल्द्वानी माझी एक वीत आणि चार बोटं. धुळे, इंदूर, ग्वाल्हेर, आग्रा, बदायूँ, बरेली. या सगळ्या गावांची नावं मी अक्षरं शिकले तेव्हाच शिकले. ह्यांची पत्रं दुसऱ्याकडून वाचून घ्यायची लाज वाटायला लागली, म्हणून लग्नानंतर मी शिकले, आणि पत्रात पहिला शब्द गावाचाच असायचा.

नैनीताल नकाशात आहे. भीमताल बारीक ठिपका आहे. सातताल नाही. नौकुचिया तर नाहीच. त्या तळ्याला नऊ कोपरे आहेत आणि कुठेही उभं राहिलं तरी नऊच्या नऊ एका वेळी दिसत नाहीत, असं हे सांगायचे. राधाकृष्ण म्हणतात, असं तळं नसेल, छगनरावांनी तुम्हाला बनवलं असेल. मला ते बघून यायचं आहे आणि राधाकृष्णांना सांगायचं आहे.

तुम्हाला जमेल असं मी ठरवलं आहे. खालच्या सपाटीवर थांबून वेळ घालवू नये. राणीबागला आधी घाटावर, मग तिथूनच भीमतालचा रस्ता फुटतो, हेही मी बघून ठेवलं आहे. मग सातताल, मग नौकुचिया, आणि सगळ्यात शेवटी नैनीताल, कारण तिथे माणसं फार असतात.

आणि सुभेदार जाधव. त्यांची पलटण कोणती ते आठवून कळवा. पलटणीच्या नावानं पत्र जातं, असं पोस्टातल्यांनी सांगितलं.

मुक्ताबाई.


अहमदनगर
४ मार्च १९७१

वहिनींना सलाम.

उत्तराला उशीर झाला. निवडणुकीच्या कामाला गाडी लावली होती.

वहिनी, एक वाईट बातमी सांगायची आहे. बरेलीकडून आलेल्या एका ड्रायव्हरनं सांगितलं की सुभेदार जाधव वारले. मागच्या पावसाळ्यात. आता ते नाहीत, तेव्हा त्या घाटावर जाऊन बघण्यासारखं काही राहिलं नाही. नुसते दगड आहेत आणि नदी. तुम्ही एवढा त्रास घेऊ नये असं मला वाटतं. तळी बघायची तर आपल्याकडे भंडारदरा आहे, मी मालकांची जीप मागून एका दिवसात दाखवून आणतो.

(ताई, हे लिहून घेतल्यापासून ते नीट जेवत नाहीत. मी विचारलं, तुमचा सुभेदारांशी एवढा घरोबा होता का? तर उठून बाहेर गेले. — फरीदा)


संगमनेर
१४ मार्च १९७१

नूर भावजी,

तुमचं पत्र सोमवारी आलं. वाचून मी डोक्यावरून पाणी घेतलं.

मनात म्हटलं, या माणसानं आमच्या घरातल्या माणसाचं काम केलं. त्याचं आपण काय केलं? काहीच नाही. ना एक पत्र, ना एक वेळचं जेवण. मी त्यांना भाऊ मानलं. लग्न झालेल्या बहिणीला भावाचं सुतक तीन दिवस, तेवढं मी धरलं. देवाला शिवले नाही, घोंगडीवर झोपले, आळणी खाल्लं. चांगुणा जाऊबाईंनी विचारलं, "कुणाचं गं?" मी सांगितलं, साताऱ्याच्या भावाचं. त्या म्हणाल्या, "तुला साताऱ्याला भाऊ कधी झाला?" मी म्हटलं, गेला तेव्हा झाला. चौथ्या दिवशी एका सवाष्णीला आणि एका पोराला जेवू घातलं. सुभेदारांना मूल असेल तर त्या पोराएवढंच असेल, असं धरून चालले.

आता माझा बेत थोडा बदलला आहे. त्यांची बायको कुठेतरी असेलच. घरी आली असेल, सासऱ्यांकडे किंवा माहेरी. तिला कुणी सांगितलंही नसेल की तुझ्या नवऱ्यानं परमुलखात एका परक्याला अग्नी दिला. हे तिला कळलं पाहिजे. मला कुणी ह्यांच्याबद्दल अशी एक गोष्ट आणून सांगितली असती तर मी त्याच्यावर वर्षभर जगले असते. म्हणून तुम्ही मला पत्ता शोधून द्या. तळी राहिली तरी चालतील. मी आधी साताऱ्याला जाईन.

मुक्ताबाई.


नगर
२४ मार्च

वहिनी,

हे मी माज्या हातानं लिवतोय. दुसरीपातूर शिकलोय, चुका व्हतील. फरीदाला लिवाया दिलं न्हाई.

सुभेदार मेला न्हाई. सुभेदार हुताच न्हाई.

उस्ताद पहाटं गेले. उन्हाळ्याचे दिस, दवाखान्यातले म्हनले आजच न्या. तार केली पन ती कवा पोचनार. लाकडाच्या वखारीतले दोघं वळखीचे, त्यांनी अन् मी उचललं. घाटावर भटजीनं इचारलं, मयताचं कोन? मी म्हनलो भाऊ. नाव काय? माज्या तोंडातून रंगनाथ आलं. उस्तादांच्या थोरल्या भावाचं, दादांचं नाव. माजं सांगितलं असतं तर त्यानं हात लावू दिला नसता असं वाटलं. दुसरं कोन हुतं तितं. अनोळख्याच्या हातात द्याया माजं मन झालं न्हाई.

भटजी सांगंल तसं केलं. नदीत आंगूळ केली. धोतर न्हवतं, उस्तादांचीच लुंगी नेसलो. पान्याचं मडकं खांद्यावर घिऊन फेरे घातले, मग मागं न बगता फोडलं. अग्नी दिला. इझंपातूर तितंच बसून हुतो. मनातल्या मनात आमच्यातलं पन वाचलं. ते चूक असंल तर ते बी सांगून टाकतो.

तुमच्या दारात दादांनी इचारलं तवा समदी भावकी बसल्याली. मी एकेकाचं तोंड बगितलं. म्हनलं, ह्यातलं कोन तरी म्हनंल छगनची गती बिघडली, अन् वहिनीला ते जलमभर ऐकाया लागंल. म्हनून सुभेदार काडला. त्याला मारला बी मीच. तुमाला घाटावर न्यायचं टाळलं ते त्यासाटीच. भटजी मला वळखंल अन् म्हनंल, या रंगनाथ.

तुमी त्याच्यासाटी आळनी खाल्लं. ते पत्र फरीदानं वाचून दाकवलं त्या दिसापास्नं मला घास उतरंना.

मी नऊ वर्सं उस्तादांच्या ताटात जेवलो. माज्या हातानं त्यांचं काय बिघडलं असंल तर तुमी सांगा. तुमी सांगाल ते खरं.

नूरुद्दीन


अहमदनगर
१८ एप्रिल १९७१

मुक्ताताई,

तीन आठवडे झाले, तुमचं काही आलं नाही. पोस्टमन गल्लीत शिरला की हे अंगणात काहीतरी काम काढतात, आणि तो पुढे गेला की आत येतात. मला त्यांनी सगळं सांगितलं, पण पत्र टाकून आल्यावर. मी म्हटलं, आधी सांगितलं असतं तर त्या दोन पत्रांत मी खोटं तरी लिहिलं नसतं.

कांद्याची गाडी अकरा मे रोजी निघते. मालकांनी दोघी बायकांना परवानगी दिली आहे, ती मी जाऊन घेतली, ह्यांनी नाही. तुम्ही येणार नसाल तर मीही जाणार नाही. रागावला असाल तर तसं लिहा. चार शिव्या लिहा. ते वाचतील. पण काहीच न येणं त्यांना झेपत नाही.

फरीदा


संगमनेर
२५ एप्रिल १९७१

नूर भावजी आणि फरीदा,

पत्र मिळाल्यावर मला राग आला. तो लपवत नाही. मी एका नसलेल्या माणसासाठी रडले होते. त्याला मी मिशा दिल्या होत्या. त्याच्या बायकोला साताऱ्यात दोन खणांचं घर दिलं होतं, तिच्याशी काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं. ते सगळं एका पत्रात गेलं. आठ-दहा दिवस मी तुमचं नाव काढलं नाही.

मग राग हळूहळू दुसरीकडे वळला. सुभेदारासाठी मी तीन दिवस बसले, आणि ज्यानं खरं केलं त्याला दोन वर्षं एकटं राहू दिलं. मी एकदा आतून बाहेर येऊन विचारलं असतं, भावजी, तुम्ही कुठे होतात त्या वेळी, तर तुम्ही मला खोटं सांगितलं नसतं. पण मी भिंतीला टेकून ऐकत राहिले.

गती बिघडली का, असं तुम्ही विचारलंत. मला गतीतलं फार कळत नाही. मी वाचलेल्या पोथ्यांत जेवढं सांगितलं आहे तेवढं तुम्ही केलं आहे. वर तुमच्यातलंही वाचलं, तर ह्यांना दोन्हीकडून निरोप मिळाला. मला टोचत होतं ते वेगळंच होतं. शेवटचा हात परक्याचा होता, हे टोचत होतं. तो परका नव्हता. आता दुःख आहे तेवढं आहे, पण टोचत नाही.

तरी मी लगेच लिहिलं नाही, कारण घरात न सांगता तुमच्या गाडीत बसले असते तर दारात तुम्हाला पुन्हा खोटं बोलावं लागलं असतं. धीर व्हायला दिवस लागले. परवा शुक्रवारी मी पत्र घेऊन थोरल्या दिरांकडे गेले. ते ओट्यावर दोर वळत होते.

मी म्हटलं, "दादा, एक पत्र वाचून दाखवायचंय."

"वाच की. सरकारी हाय का?"

"नूरुद्दीन भावजींचं आहे."

"त्याचं पत्र मला कशाला?"

"त्यात तुमचं नाव आहे."

मी सगळं वाचलं. मध्ये थांबले नाही, नाहीतर पुढे वाचता आलं नसतं. दोर वळायचा थांबला होता. जाऊबाई दारात येऊन उभ्या होत्या, हाताला पीठ होतं.

दादांनी पत्राकडे बोट केलं. मग म्हणाले, "माझं नाव सांगितलं त्यानं?"

"हो."

"ते मडक्याचं परत वाच."

मी ते परत वाचलं.

"मागं न बघता," ते म्हणाले. "बरूबर केलं. आपल्यातली पोरं बी चुकत्यात तिथं." मग दोराकडे बघत म्हणाले, "थोरला भाऊ मी. तार तिसऱ्या दिवशी हातात पडली. माझ्या भावाला कुन्या फौजवाल्यानं अग्नी दिला अन् मी हितं बैलाला पाणी पाजत हुतो, हे मी दोन वर्सं गिळतोय. कुनाला बोललो न्हाई. तर माझं नाव घिऊन दिला व्हय त्यानं."

त्यांनी दोर बाजूला ठेवला.

"पर दोन वर्सं सांगाया काय झालं हुतं त्या गड्याला? मी काय खाल्ला असता त्याला?"

जाऊबाई म्हणाल्या, "खाल्ला असता. मी बघितलंय तुमचं तोंड त्या दिवशी."

"तू आत जा, तुझं पीठ वाळंल."

"वाळू द्या. आनि ही साताऱ्याच्या भावाचं सुतक धरून बसली हुती, ते तुमच्या दारातल्या बोलण्यानं. ते बी ऐकून ठेवा."

दादांनी ते ऐकून घेतलं. मी विचारलं, भावकीला काय सांगायचं? ते म्हणाले, "भावकीला मी सांगन. दोघंतिघं बोलत्याल. बोलू दे. त्यातला एक बी गेला नव्हता तिथं." मग बोटांवर तिथी मोजल्या. "वैशाख वद्य नवमीला तुमी कुठं असाल?"

मी नकाशा पाठ केलेला आहे. म्हटलं, अकरा मेला निघालो तर नवमीच्या आत राणीबागला पोचतो.

"मग त्याला म्हनावं, घाटावर पाणी त्यानंच सोडायचं. आन भटजीनं नाव इचारलं तर यंदा स्वतःचं सांग."

एवढं बोलून त्यांनी दोर पुन्हा वळायला घेतला. मी पत्र घडी करून निघाले.

मी दहा मेच्या सकाळच्या एस.टी.नं नगरला येईन. दोन लुगडी, एक घोंगडी आणि सहा दिवस टिकतील अशा दशम्या आणते. फरीदा, तू लोणचं आण, आणि डोक्याला बांधायला जाड फडकं, धुळीचं भावजी खरं बोलले असावेत.

हे सगळं शुक्रवारी झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी म्हैस, सवय व्हावी म्हणून आत्तापासूनच, शेजारच्या रतनबाईच्या गोठ्यात नेऊन बांधली आणि रतनबाईला सांगितलं की मी परत येईपर्यंत डेअरीचं दूध तूच घाल, मी गावाला जातेय.

मुक्ताबाई